वर्षभराची कॉर्पोरेट प्लेसमेंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी मी एक पूर्ण वर्ष एका मोठ्या उत्पादन कंपनीच्या पुरवठा नियोजन विभागात काम केलं. परत आल्यापासून खालच्या वर्गातली मुलं-मुली मला तेच तेच प्रश्न पाठवतात, आणि ते बरोबरच आहे, कारण जाण्याआधी मलाही हेच प्रश्न होते आणि उत्तर द्यायला कोणी नव्हतं. इथे ते एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. तुमचा प्रश्न शोधा, तेवढं वाचा.

१. प्लेसमेंट म्हणजे नोकरी लागणं ना? मग शिकत असताना प्लेसमेंट कशी?

आपल्याकडे ‘प्लेसमेंट झाली’ म्हटलं की कॅम्पसमधून नोकरी लागली असाच अर्थ होतो, त्यामुळे हा गोंधळ सगळ्यांचाच होतो. इथे प्लेसमेंट म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेलं कामाचं वर्ष. तुम्ही विद्यार्थीच असता, नाव कॉलेजच्या पटावर असतं, पण वर्षभर कंपनीत पूर्णवेळ काम करता आणि मग शेवटच्या वर्षाला परत येता. ब्रिटनमध्ये अशा अभ्यासक्रमाला सँडविच कोर्स म्हणतात, कारण कामाचं वर्ष शिक्षणाच्या दोन थरांमध्ये बसवलेलं असतं.

कल्पना जुनी आहे. १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७ मध्ये सुरू झालं तेच ही पद्धत घेऊन.

२. उन्हाळ्यातली दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप पुरत नाही का? वर्ष का घालवायचं?

छोट्या इंटर्नशिपमध्ये पहिला महिना ओळखीत जातो, दुसऱ्यात काम होतं आणि तिसऱ्यात प्रेझेंटेशनची तयारी. तुम्ही केलेलं काम पुढे चाललं की बंद पडलं, हे कळायच्या आत तुम्ही बाहेर पडलेले असता.

वर्षभरात महिनाअखेर बारा वेळा येते, तिमाही चार वेळा, वार्षिक बजेट एकदा. पहिल्या महिनाअखेरीला मी नुसती बसून होते, कोण कशासाठी धावतंय तेच कळत नव्हतं. सातव्या महिनाअखेरीला कुठला आकडा उशिरा येणार आणि तो कोणाकडे अडकणार, हे मी आदल्या दिवशी सांगत होते. एकच गोष्ट दुसऱ्यांदा, पाचव्यांदा समोर येते तेव्हा ती समजते. स्वतःची चूकही पुन्हा समोर येते, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये लिहिलं आहे. वर्ष देण्याचं माझ्या मते हेच सर्वात मोठं कारण आहे. बायोडेटावरची ओळ त्यानंतर.

३. अर्ज कधीपासून करायचा?

काम सुरू होण्याच्या जवळपास एक वर्ष आधी. मोठ्या कंपन्या जागा लवकर जाहीर करतात आणि बऱ्याच जणी शेवटच्या तारखेची वाट न पाहता, अर्ज येतील तशा जागा भरत जातात. त्यामुळे शेवटची तारीख पाहून निवांत बसू नका. लहान कंपन्या मात्र अगदी ऐन वेळेपर्यंत माणसं घेतात. कॉलेजनं कोणत्या तारखेच्या आत करार मागितला आहे, हे आधी विचारून घ्या. जागा मिळूनही ती तारीख चुकल्यामुळे वर्ष हुकलेला एक मुलगा माझ्याच वर्गात होता.

४. मला कामाचा अनुभव शून्य आहे. मुलाखतीत बोलू काय?

समोरच्यालाही माहीत असतं की तुम्हाला अनुभव नाही. ते पाहतात ते वेगळंच: तुम्हाला सांगितलेली गोष्ट नीट पोचते का, अडल्यावर तुम्ही काय करता, आणि केलेलं काम तुम्हाला समजावून सांगता येतं का. त्यासाठी वर्गातला एखादा गट-प्रकल्पही चालतो.

प्रसंग सांगताना चार पायऱ्या धरा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही स्वतः काय केलं, आणि त्यातून काय झालं. बहुतेक जण पहिल्या पायरीवर दोन मिनिटं घालवतात आणि तिसरी एका वाक्यात उरकतात. उलटं करा. आणि ‘आम्ही केलं’ म्हणत राहू नका. नम्रपणा म्हणून ते बरं वाटतं, पण समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही.

५. करारावर सही करण्याआधी काय तपासायचं?

सुरुवातीची आणि शेवटची तारीख कॉलेजच्या नियमात बसते का. कामाचे तास, रजा, आजारपणाची रजा, पैसे कधी मिळणार. विमा आहे का, विशेषतः कारखान्यात फिरावं लागणार असेल तर. नोटीस किती दिवसांची. गुप्ततेचं कलम (प्रश्न १५) आणि तुम्ही बनवलेल्या गोष्टींच्या मालकीचं कलम (प्रश्न १६). तुमचं काम पाहणाऱ्या माणसाचं नाव करारात नसेल तर ईमेलवर विचारून घ्या. नाव नसणं म्हणजे बऱ्याचदा तुमच्यासाठी अजून कोणी ठरवलेलंच नसतं.

६. पहिल्या आठवड्यात कोणी काही काम देत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. लॅपटॉप येतो, पासवर्ड येत नाही. पासवर्ड येतो, मग ज्या सिस्टिमवर काम करायचं तिचा अॅक्सेस येत नाही. मला पूर्ण अॅक्सेस मिळायला अकरा दिवस लागले होते. त्या दिवसांत मी विभागातल्या प्रत्येकाकडे अर्धा तास मागितला आणि एकच प्रश्न विचारला: ‘तुमच्याकडे काम कुठून येतं आणि तुमच्याकडून कुठे जातं?’ त्याचा एक मोठा कागद तयार झाला. पुढे वर्षभर तो कागद माझ्या डेस्कवर चिकटवलेला होता, आणि शेवटी तोच माझ्या अहवालातली पहिली आकृती झाला.

७. दोन महिने झाले, तरी वाटतं की मला काहीच येत नाही आणि कधीतरी हे सगळ्यांना कळेल.

या भावनेला नाव आहे. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, तेही उत्तम यश मिळवलेल्या स्त्रियांकडे पाहून. पदव्या, पदं, कौतुक सगळं असूनही त्यांना वाटायचं की आपण नशिबानं इथवर आलो आणि लोकांची फसवणूक करतोय. आज हीच गोष्ट इम्पोस्टर सिंड्रोम म्हणून ओळखली जाते.

पण तुमच्या बाबतीत त्यात एक भाग खराही आहे: दोन महिन्यांत तुम्हाला खरंच फारसं येत नसतं. त्यात लाज कसली? तिथले लोक तेच काम दहा वर्षं करतायत. माझी भीती कमी झाली ती मॅनेजर बाईंना सरळ विचारल्यावर: ‘या टप्प्यावर मला काय यायला हवं असं तुम्हाला वाटतं?’ त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दोन मला येत होत्या.

८. प्रश्न विचारायचे किती? सारखं विचारलं तर लोक वैतागतात.

मी अर्ध्या तासाचा नियम ठेवला होता. अडलं की अर्धा तास स्वतः खटपट करायची, काय काय करून पाहिलं ते लिहून ठेवायचं, आणि मग उठून विचारायचं. जाताना ‘हे जमत नाही’ असं न म्हणता ‘मी हे आणि हे करून पाहिलं, इथपर्यंत आले, पुढे अडलं’ असं म्हणायचं. असा प्रश्न आला की लोक खुर्ची ओढून शेजारी बसतात. तोच प्रश्न तिसऱ्यांदा गेला तर मात्र वैतागतात, म्हणून उत्तर तिथल्या तिथे वहीत उतरवा.

एक अपवाद: सुरक्षेचा, पैशांचा किंवा ग्राहकाला जाणाऱ्या ईमेलचा प्रश्न असेल तर अर्धा मिनिटही थांबू नका. आधी विचारा.

९. माझ्या हातून मोठी चूक झाली तर?

होणार. माझी सांगते.

तिसऱ्या महिन्यात सुट्या भागांच्या साठ्याचा साप्ताहिक रिपोर्ट माझ्याकडे आला. गोदामाच्या सिस्टिममधून फाइल यायची, मी ती स्प्रेडशीटमध्ये उघडायची, मुख्य यादीशी जुळवायची आणि अकरा वाजता सगळ्यांना पाठवायची. काही भागांचे कोड शून्यानं सुरू होत होते, उदाहरणार्थ ००४५१२. स्प्रेडशीटला तो कोड आहे हे कळत नाही, तिला ती संख्या वाटते. पुढची शून्यं गळतात आणि ४५१२ उरतं. मी फाइल डबल-क्लिक करून उघडली आणि तशीच सेव्ह केली. मुख्य यादीत ४५१२ नव्हता, म्हणून त्या ओळीत साठा शून्य आला. अशा एकतीस ओळी होत्या.

दुपारी दोनला प्लांटमधले एक नियोजक प्रिंटआउट घेऊन माझ्या डेस्कपाशी आले. एका ओळीभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. ‘हा माल आत्ता रॅकवर बघून आलोय मी. इथे शून्य कुठून आला?’ माझे कान गरम झाले. पहिली दहा मिनिटं मी सिस्टिमची चूक कशी असेल हेच सांगत राहिले. ती दहा मिनिटं मला आजही बोचतात, चुकीपेक्षा जास्त. तोवर खरेदी विभागानं दोन ऑर्डर तयार केल्या होत्या. त्या वेळेत थांबल्या, पण माझ्यामुळे नाही, त्यांच्यामुळे.

मग मी मॅनेजर बाईंकडे गेले. त्यांनी ज्यांना ज्यांना पहिला रिपोर्ट गेला होता त्या सगळ्यांना ईमेल लिहायला लावला: काय चुकलं, कोणत्या ओळी चुकल्या, बरोबर फाइल ही, जुनी फाइल वापरून काही केलं असेल तर आम्हाला लगेच कळवा. माफी एका ओळीत, तीही शेवटी. ईमेल गेल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘पुन्हा होणार नाही म्हणतेस, ते कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला दोन दिवस लागले: कोडचा रकाना आधीच मजकूर म्हणून आत घ्यायचा, आलेल्या आणि गेलेल्या ओळी मोजायच्या, आणि न जुळलेले कोड वेगळ्या पानावर काढून डोळ्यांनी पाहायचे.

दहाव्या महिन्यात एका नव्या पुरवठादाराची फाइल आली. तिच्यात अठरा अंकी कोड होते. एक्सेल पंधराच अंक नेमके धरतं, पुढच्या अंकांची शून्यं करून टाकतं. शेवटचे तीन अंक सगळीकडे शून्य दिसत होते. या वेळी ते पाठवण्याआधीच दिसलं, कारण न जुळलेल्या कोडचं पान भरून वाहत होतं.

आणि फक्त आपल्यालाच असं होतं असं समजू नका. मार्च-१ सारख्या नावांची मानवी जनुकं स्प्रेडशीटमध्ये तारखा होऊन जायची. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली, मार्च-१ चं मार्चएफ-१ केलं, आणि २०२० मध्ये त्यासाठी नियमावली काढली.

१०. मला नुसतं कॉपी-पेस्टचं काम देतात. वर्ष वाया चाललंय का?

एक महिना असेल तर धीर धरा. तीन महिने असेल तर बोला. पण ‘मला चांगलं काम द्या’ असं म्हणू नका, त्यावर कोणाकडेच उत्तर नसतं. हेच कंटाळवाणं काम कमी वेळात कसं होईल ते करून दाखवा आणि वाचलेल्या वेळात काय करायचं आहे ते नेमकं मागा: ‘दर मंगळवारी दोन तास मला पुरवठादारांच्या बैठकीला बसू द्याल का?’ माझा पहिला चांगला प्रकल्प अशाच एका बैठकीतून आला. एवढं करूनही काही हललं नाही, तर कॉलेजच्या समन्वयकांना सहाव्या महिन्याआधी कळवा. नंतर त्यांच्याही हातात फारसं उरत नाही.

११. रोजची नोंद कशी ठेवायची? कॉलेजला लॉगबुक द्यावं लागतं.

रोज पाच ओळी, निघण्याआधी. काय केलं, कोणी सांगितलं, का करायचं होतं, कुठे अडलं, किती वेळ लागला. ‘का’ ही ओळ सगळ्यांची राहते, आणि अहवाल लिहिताना नेमकी तीच लागते. माझ्या लॉगबुकमध्ये मधले तीन आठवडे कोरे आहेत, फार काम होतं म्हणून. वर्षातलं सर्वात चांगलं काम मी त्याच तीन आठवड्यांत केलं होतं, आणि अहवालात त्यावर मला दीड पान लिहिता आलं, बस्स.

चिंतनपर लेखनासाठी कॉलेज डेव्हिड कोल्ब यांचं चक्र वापरायला सांगेल: अनुभव, त्यावर विचार, त्यातून काढलेला निष्कर्ष, आणि तो पुन्हा वापरून पाहणं. प्रश्न ९ मधली दोन्ही प्रकरणं या चौकटीत बसवून पाहा. मी तेच केलं.

१२. मध्येच मॅनेजर बदलले. आता?

पहिल्याच आठवड्यात नव्या मॅनेजरना एक पान द्या: काय पूर्ण झालं, काय चालू आहे, आधीच्या मॅनेजरनी काय कबूल केलं होतं. तोंडी कबूल केलेल्या गोष्टी माणसाबरोबर निघून जातात. म्हणून दर महिन्याच्या बोलण्यानंतर दोन ओळींचा ईमेल पाठवायची सवय आधीपासूनच ठेवा.

१३. मित्रमैत्रिणी पुढे निघून जातात. परत आल्यावर एकटं वाटतं का?

वाटतं. ज्यांनी हे वर्ष घेतलं नाही ते पदवी घेऊन गेलेले असतात. मी परत आले तेव्हा ग्रंथालयातल्या आमच्या टेबलावर अनोळखी चेहरे होते आणि पहिले काही आठवडे खरंच जड गेले. वर्षभरात कॉलेजमधल्या निदान दोन अशा लोकांशी संपर्क ठेवा जे तुमच्यासारखेच कुठेतरी काम करतायत. परतल्यावर तुमचा वर्ग तेच असतात.

१४. अर्ध्यावर सोडता येतं का?

येतं. बहुतेक ठिकाणी कॉलेज तुम्हाला प्लेसमेंट नसलेल्या अभ्यासक्रमात परत घेतं, पण किती महिने पूर्ण झाले तर वर्ष धरलं जातं हे प्रत्येकाच्या नियमात वेगळं असतं. आधी समन्वयकांशी बोला, मग कंपनीला नोटीस द्या. हा क्रम उलटा करू नका.

छळ होत असेल, अंगाशी लगट होत असेल, असुरक्षित यंत्रावर उभं केलं जात असेल, तर मात्र वरचा क्रम विसरा. आधी तिथून बाहेर पडा, त्याच दिवशी घरी आणि कॉलेजला सांगा, तारखा आणि निरोप जपून ठेवा. कोणतंही प्रमाणपत्र त्यापेक्षा मोलाचं नाही.

१५. अहवालात कंपनीचे आकडे लिहिता येतात का?

परवानगीशिवाय नाही. पण आकड्यांशिवाय अहवाल पोकळ होतो. त्यावर मार्ग आहे: पहिल्या महिन्याचा आकडा १०० धरा आणि पुढचे त्याच्या प्रमाणात मांडा. साठा १०० वरून ८२ वर आला एवढं कळतं, खरा आकडा कळत नाही. ग्राहकांना आणि पुरवठादारांना अ, ब, क म्हणा. मसुदा कंपनीला दाखवायला किमान तीन आठवडे धरा. आणि ‘अभ्यासासाठी’ म्हणून फाइल्स स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊ नका. हेतू कितीही चांगला असो, तो करारभंगच होतो.

१६. मी बनवलेलं टूल माझं की कंपनीचं?

कामाच्या वेळेत, कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीसाठी बनवलेली गोष्ट सहसा कंपनीचीच ठरते, आणि करारात ते लिहिलेलं असतं. अवघड बाब म्हणजे ते टूल शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात पुढे न्यायचं असेल तर. तेव्हा जाण्याआधी लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर पद्धत डोक्यात घेऊन जा, फाइल तिथेच ठेवा आणि पुन्हा शून्यातून लिहा. दुसऱ्यांदा लिहिलेलं बहुधा जास्त चांगलं होतं.

१७. मी परदेशात शिकतोय. व्हिसाची काही अडचण?

असू शकते, आणि ती उशिरा कळते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणारी कामाची परवानगी, म्हणजे सीपीटी, पूर्णवेळ बारा महिने किंवा त्याहून जास्त वापरली, तर त्याच पातळीच्या पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, हातची जाते. वर्षभराची प्लेसमेंट नेमकी या रेषेवर येते. म्हणून सही करण्याआधी तारखा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून लेखी तपासून घ्या.

१८. शेवटच्या महिन्यात काय करायचं?

नवं काही सुरू करू नका. तुमच्यानंतर येणाऱ्याला एकही फोन न करता काम करता आलं पाहिजे, अशी टिपणं लिहा आणि ती दुसऱ्या कोणाला देऊन, त्यांच्या शेजारी गप्प बसून, त्यांना काम करू द्या. मी हे केलं तेव्हा चौथ्याच पायरीवर सहकारी अडकला, कारण एक गोष्ट मी इतक्या वेळा केली होती की ती लिहायची असते हेच सुचलं नव्हतं. शिफारसपत्र निघाल्यानंतर मागू नका, निघण्याआधी मागा.

१९. कंपनीनं पदवीनंतरच्या नोकरीची ऑफर दिली. लगेच हो म्हणू?

उत्तर द्यायला किती मुदत आहे ते विचारा आणि ती पूर्ण वापरा. त्याच विभागात दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या कोणाशी तरी बोला, आत्ता ते काय काम करतात ते पाहा. मी हो म्हटलं नाही. काम आवडलं होतं, पण मला अजून शिकायचं होतं, आणि बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही.

२०. परत आल्यावर अभ्यासात मन लागतं का?

पहिले दोन आठवडे नाही. संध्याकाळी सहानंतरही काम संपत नाही, याची पुन्हा सवय करावी लागते.

मग एके दिवशी साठा नियोजनाच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘समजा लीड टाइम स्थिर आहे,’ म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ. माझ्या डोळ्यांसमोर एक भाग आला, जो कधी नऊ दिवसांत यायचा आणि कधी एकतीस. मी हात वर केला आणि विचारलं, स्थिर नसेल तर? सरांनी राखीव साठा किती ठेवायचा याचं सूत्र पुन्हा लिहिलं, वर्गमुळाच्या आत आता दोन पदं होती: एक मागणीच्या चढ-उताराचं, दुसरं लीड टाइमच्या. वहीत मी अंदाजे आकडे घालून पाहिले तर दुसरं पद पहिल्याच्या कितीतरी पट निघालं. तो भाग सारखा संपायचा तेव्हा आम्ही वर्षभर मागणीचा अंदाज सुधारत बसलो होतो, आणि घोळ पुरवठादाराच्या तारखांमध्ये होता. तास संपल्यावर मी मॅनेजर बाईंना ईमेल लिहिला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: ‘तारखा काढल्या. बरोबर आहे तुझं. नव्या मुलाला यावर बसवलंय, तुझी टिपणं त्याच्याकडे आहेत.’